नवा घोडा ठाणावर रुळेपर्यंत

वाचकाचे पत्र (थोडक्यात): अकरा दिवसांपूर्वी आम्ही सात वर्षांचा, आख्ता (खच्ची) केलेला घोडा विकत घेतला. घेण्याआधी दोनदा जाऊन त्याच्यावर रपेट केली होती आणि दोन्ही वेळा तो अगदी शहाण्यासारखा वागला. इकडे आल्यापासून मात्र तो दुसराच घोडा वाटतो. कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारतो, खिंकाळत राहतो, गवत अर्धवट टाकतो. दुपारी तबेल्याच्या दारात अडून राहतो आणि मोकळा सोडला की हाती लागत नाही. आमच्याकडे एक वयस्क घोडी आहे. सोबत व्हावी म्हणून पहिल्याच दिवशी दोघांना एकत्र सोडले, तर तिने त्याच्यावर लाथ झाडली. प्रवासाने थकला असेल म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून भरपूर चंदी देत आहोत. दहाव्या दिवशी स्वारी केली तेव्हा तो बुजला आणि मी पडता पडता वाचलो. घरचे म्हणतात, विकणाऱ्याने औषध देऊन घोडा शांत ठेवला होता. रोज स्वारी करून त्याला वठणीवर आणावे, की परत करावा? शिवाय त्याचे नाव बदलले तर चालेल का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली काळजी मला पहिल्या ओळीपासून जाणवली, आणि ज्या घोड्यामुळे तुम्ही पडता पडता वाचलात त्याच्याविषयी तुम्ही एकही कडवट शब्द लिहिला नाही, हेही माझ्या लक्षात आले. तुमच्या दोन्ही मोठ्या प्रश्नांना माझे उत्तर सध्या ‘नाही’ असे आहे. रोज स्वारी करू नका आणि परत करण्याचा निर्णय आज घेऊ नका. अकरा दिवसांत घोड्याचा स्वभाव कळत नाही. या मुदतीत दिसते ती फक्त त्याची भीती, आणि तुम्ही लिहिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट भ्यालेल्या घोड्याची आहे.

त्याच्या बाजूने पाहा. आठ-दहा घोड्यांच्या कळपात त्याची एक जागा ठरलेली होती. कोणाच्या वाटेला जायचे नाही, कोणाच्या शेजारी उभे राहून माश्या वारायच्या, पाण्यावर कोणाच्या मागून जायचे, हे सारे त्याला ठाऊक होते. एका सकाळी त्याला गाडीत चढवले आणि उतरवले तेव्हा त्यांतले काहीच उरले नव्हते. घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे आणि त्याच्या सुरक्षिततेची सगळी कल्पना कळपावर उभी असते. कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारून तो त्या कळपाला शोधतो आहे आणि खिंकाळून त्याला हाका मारतो आहे. ही हाक शिक्षेने बंद पडत नाही. तिला उत्तर मिळू लागले की ती आपोआप कमी होते.

म्हणून पुढचे काही आठवडे तो आज्ञा पाळतो की नाही, हे बघायचेच नाही. तो खातो का, पितो का आणि आडवा होऊन झोपतो का, एवढ्या तीन गोष्टी रोज बघायच्या. या तिन्ही जमल्या की बाकीचे पुष्कळसे न शिकवता सुधारते, आणि या जमल्या नाहीत तर वर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

आधी खाण्याचे बोलते, कारण तिथे तातडीने बदल हवा आहे. चंदी तुम्ही मायेने दिलीत, पण काम नसलेल्या, घाबरलेल्या घोड्याला भरपूर दाणा देणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे. दाण्यातली ताकद खर्च होत नाही आणि ती उधळण्यात बाहेर पडते. त्याहून मोठा धोका पोटाचा असतो. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबवून पचवणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि ते रोजच्या खाद्याला सरावलेले असतात. खाद्य एकाएकी बदलले की त्यांचा तोल बिघडतो आणि पोटशूळ उठू शकतो. एरवी खाद्यातला कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत करायचा असतो. ती वेळ आता गेली आहे. त्यामुळे दुसरे एखादे नवे खाद्य सुरू करू नका, फक्त चंदी तीन-चार दिवसांत कमी करत मूठभरावर आणा.

तिची जागा गवताने भरून काढा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, तो खात असो वा नसो. त्या आम्लाची धार मोडणारी लाळ मात्र चावताना सुटते. मोकळ्या कुरणात घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो ते उगाच नाही. प्रवास, एकटेपणा आणि रिकामे पोट एकत्र आले तर काही दिवसांतच जठरात व्रण होऊ शकतात आणि मग घोडा भूक असूनही गवत अर्ध्यावर टाकतो. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो. तो दोन वेळांत उरकण्यापेक्षा चार-पाच वेळांत विभागून द्या आणि चार तासांहून अधिक काळ त्याच्यापुढे काही नाही असे होऊ देऊ नका. रात्रीचा वाटा सर्वांत मोठा ठेवा. गवत शक्यतो जमिनीवर घाला, कारण मान खाली करून खाल्ल्याने नाक आणि श्वासनलिका मोकळी राहते. लांबच्या प्रवासात मान वर बांधून आणलेल्या घोड्याच्या छातीत संसर्ग होऊ शकतो, म्हणून त्याला खोकला, नाकातून स्राव किंवा ताप असेल तर एक दिवसही थांबू नका, पशुवैद्याला बोलवा. हे सगळे करूनही आठवडाभरात तो गवत टाकत राहिला, तर जठराची आणि दातांची तपासणी करून घ्या.

पाण्याविषयी तुम्ही काही लिहिले नाही आणि बहुतेक लोक लिहीत नाहीत. घोड्याला पाण्याची चव कळते आणि अनोळखी वासाचे पाणी तो दिवसभर नाकारू शकतो. हौदातून किंवा आपोआप भरणाऱ्या भांड्यातून पाजत असाल, तर तो किती प्यायला हे तुम्हाला कळणारच नाही. पंधरा दिवस बादलीने पाजा आणि मोजा. थंड हवेत चारशे-पाचशे किलोच्या घोड्याला वीस ते तीस लिटर पाणी पुरते आणि उन्हाळ्यात याहून बरेच अधिक लागते. शेजारी मिठाचा खडा ठेवा.

झोपेकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष असते, म्हणून इथे थोडी रेंगाळते. घोडा उभ्याने झोपतो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची सोय निसर्गाने त्याला दिली असल्यामुळे तो उभ्याने डुलक्या घेऊ शकतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावेच लागते, कारण त्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात. ही झोप दिवसाकाठी अर्ध्या-पाऊण तासाची असते, तरी ती चुकून चालत नाही. कळपात एकजण उभा राहून पहारा देतो, तेव्हा बाकीचे लोळतात. पहारेकरी नसलेला, जागा अनोळखी असलेला घोडा आडवा होत नाही. बरेच दिवस असे गेले की तो चिडचिडा होतो, साध्या आवाजाला दचकतो आणि कधी कधी उभ्याउभ्या डुलकी लागून पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो.

खूप वर्षांपूर्वी मी एक घोडी घेतली होती. ती रात्र रात्र तबेल्यात येरझाऱ्या घालायची. सकाळी दार उघडले की अंथरलेला पेंढा भिंतीलगत दाबून सपाट झालेला असायचा आणि मधला ढीग रात्रीसारखाच फुगलेला दिसायचा. म्हणजे ती चालत होती, पडत नव्हती. मी तेव्हा घाईची होते. तिला दमवले की झोपेल, असे समजून मी तिला फिरवत राहिले आणि ती आणखी बिथरली. शेवटी एका जाणत्या मोतद्दाराच्या सांगण्यावरून मी शेजारच्या घोड्याचे ठाण तिला दिसेल असे बदलले, पेंढा दुप्पट केला आणि कामाला पूर्ण सुट्टी दिली. एकोणिसाव्या सकाळी तिच्या शेपटीत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या होत्या आणि उजव्या ढुंगणावर लिदेचा हिरवट डाग होता. खरारा हातात असूनही तो डाग मी बराच वेळ पुसला नाही.

तुम्हीही रोज सकाळी तेवढे बघा: आयाळीत किंवा शेपटीत काडी आहे का, कुशीवर डाग आहे का, अंथरूण मधोमध दबले आहे का. ज्या दिवशी ही खूण दिसेल तो दिवस लिहून ठेवा.

आता तुमच्या घोडीविषयी. तिने लाथ झाडली यात तिचा दोष नाही. तिच्या घरात एक परका न विचारता शिरला होता. पण पहिल्या दिवशी एकत्र सोडण्यात याहून गंभीर चूक आहे, ती स्पष्ट सांगते. नव्या घोड्याला किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे, त्याची बादली, खरारा, म्होरकी सगळे वेगळे असावे आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. घोड्यांमध्ये स्ट्रँगल्स नावाचा जिवाणूजन्य आजार असतो. त्यात आधी ताप येतो, मग जबड्याखाली गाठी होऊन त्या पिकतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे विकत घेताना ठणठणीत दिसणारा घोडाही तो आजार घेऊन येऊ शकतो. आता तुमच्या हातात एवढेच आहे की तीन आठवडे पुरे होईपर्यंत दोघांचेही तापमान सकाळ-संध्याकाळ घ्यावे. विश्रांतीतल्या घोड्याचे तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. दोघांपैकी कोणाचेही तापमान ३८.५ च्या वर गेले, तर बाकी सारे बाजूला ठेवून वैद्याला कळवा. ती लाथ कुठे लागली असेल, तर तिथली सूजही हात फिरवून बघा, कारण केसांखालची छोटी जखम नजरेने दिसत नाही.

तोवर दोघांना शेजारी, पण मध्ये काही फूट अंतर राहील अशा दोन कुंपणांत ठेवा. एकमेकांना दिसणे आणि वास येणे एवढ्यानेही त्याच्या फेऱ्या कमी होतील. तिसरा आठवडा सुखरूप गेला की मधले अंतर काढून एकाच भक्कम कुंपणाआडून नाके लावू द्या. सुरुवातीला किंकाळ्या होतील, एखादा पाय आपटला जाईल, त्याला घाबरू नका. दोघे कुंपणालगत शांतपणे चरू लागले की मोकळ्या, प्रशस्त जागेत एकत्र सोडा. कोंडीत सापडेल असा कोपरा त्या जागेत नसावा आणि गवताचे ढीग दोन घोड्यांना तीन असावेत, म्हणजे एकाला हुसकावले तरी त्याला जायला दुसरा ढीग असतो. मागच्या पायांचे नाल त्याआधी काढून घेतले तर उत्तम, आणि त्यासाठी नालबंदाला आधीच सांगून ठेवा.

दुपारी तो तबेल्याच्या दारात अडतो, याचे कारण मला वाटते अगदी साधे असावे. उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. टळटळीत उन्हातून आलेल्या घोड्याला ते दार म्हणजे काळे भोक दिसते आणि आत काय आहे हे ठाऊक नसलेला शहाणा घोडा आत पाऊल टाकणार नाही. आत दिवा लावा किंवा समोरची खिडकी उघडा, दाराशी त्याला मिनिटभर उभे राहू द्या, मान खाली घालून उंबरा हुंगू द्या. दोरी ताणू नका, आणि मागून कोणाला हाकायला तर अजिबात उभे करू नका. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसते, पण शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी समोर दिसत नाही. मागे उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि अशा वेळी लाथ बसते ती रागाने नव्हे.

मोकळा सोडल्यावर तो हाती लागत नाही, त्यालाही कारण आहे. आतापर्यंत तुम्ही जेव्हा जेव्हा त्याला धरलेत, तेव्हा पुढे काहीतरी अवघड घडले: कोंडणे, तपासणी, स्वारी. पुढचे दहा दिवस त्याला काही न करण्यासाठी धरा. सरळ तोंडाकडे न जाता तिरके, खांद्याच्या दिशेने चाला. त्याचा एक कान तुमच्याकडे वळला आणि अंग ताठ झाले की तुम्हीच थांबा आणि दोन पावले मागे या. तो उभा राहिला तर जवळ जा, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापाशी बोटांनी खाजवा आणि म्होरकी न चढवताच निघून या. घोडे एकमेकांना नेमके तिथेच खाजवतात आणि त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. वरचा ओठ लांबून थरथरू लागला तर योग्य जागा सापडली असे समजा. खाऊ हातावरून देऊ नका. आज गोड वाटणारी ती सवय महिन्याभरात चाव्यापर्यंत जाते. द्यायचाच तर बादलीत द्या. आणखी एक विनंती आहे. नवा घोडा बघायला येणाऱ्या नातेवाइकांना आणि मित्रांना महिनाभर थांबवा. दाणा-पाणी, खरारा, ने-आण हे सगळे एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने करावे. पुढे काय होणार हे त्याला आधी कळू लागणे, हाच त्याचा धीर आहे.

स्वारी निदान दहा दिवस बंद ठेवा. या काळात त्याला दोरीवर धरून पायी फिरवा. आधी कुंपणाच्या आतून सगळी कड दाखवा, म्हणजे अंधारात धावला तर तो तारांत जाणार नाही, आणि मग रोज एकच वाट थोडी थोडी लांबवत न्या. जिथे तो बुजला ती जागा दुरून दाखवा आणि तो मान खाली करेपर्यंत थांबा. तीन आठवड्यांनंतर घोडी पुढे आणि हा मागे, असे दोघांना चालवता आले तर निम्मे काम तीच करील. पुन्हा खोगीर चढवण्याआधी मात्र ते त्याला नीट बसते का, हे जाणकाराकडून बघून घ्या. तुम्ही आधीच्या दोन रपेटी त्याच्या जुन्या खोगिरावर केल्या असतील आणि दहाव्या दिवसाची स्वारी तुमच्या खोगिरावर. खांद्याला टोचणाऱ्या खोगिराखाली कोणताही घोडा शहाणा राहत नाही. सुरुवात वीस मिनिटांनी करा, फक्त चालीवर, आणि सगळे नीट चालले असतानाच उतरा.

लिदेकडेही लक्ष असू द्या. दिवसातून आठ ते बारा वेळा लीद पडणे नेहमीचे असते. ती एकदम कमी झाली, घोडा कुशीकडे वळून बघू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला किंवा पुन्हा पुन्हा बसून लोळू लागला, तर तो पोटशूळ समजा. खाद्य काढून घ्या, माणसांचे कोणतेही औषध देऊ नका आणि वैद्याला ताबडतोब बोलवा. जंतांचे औषध, लसी, नाल हे सगळे एकाच आठवड्यात उरकण्याची घाई नको. लिदेतील जंतांच्या अंड्यांची तपासणी करून मगच औषध ठरवावे. धनुर्वाताची लस मात्र कधी दिली होती हे लगेच बघा, कारण त्या रोगापुढे घोडा फार दुबळा असतो.

राहिला फसवणुकीचा प्रश्न. असे प्रकार घडतात आणि तुमच्या घरच्यांची शंका अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. खरेदीच्या वेळी वैद्याने तपासणी करून रक्ताचा नमुना राखून ठेवला असेल, तर तो तपासून घेता येईल. पण आपल्या ओळखीच्या जागी, आपल्या सोबत्यांमध्ये शांत असलेला घोडा परक्या जागी असा वागणे यात मला औषधाचा मागमूस दिसत नाही, आणि तसे नसताना विकणाऱ्यावर आरोप केलात तर तुमच्या घोड्याला सर्वांत जास्त ओळखणारा माणूस तुम्ही गमावून बसाल. करारात परत करण्याची मुदत असेल तर ती तारीख बघून ठेवा, आणि मुदत संपण्याआधी वैद्याकडून डोळे, पाठ, खूर आणि दात तपासून घ्या. दुखणे निघाले तर निर्णय वेगळा होईल. काही दुखणे नसेल, तर त्याला निदान दोन-तीन महिने तरी द्या. काही घोडे महिन्यात रुळतात, काहींना सहा महिने लागतात, आणि मी पाहिलेल्या उत्तम घोड्यांपैकी बरेच दुसऱ्या गटातले होते.

नाव खुशाल बदला. त्याला नावाचा अर्थ ठाऊक नाही, तो आवाज ओळखतो. पण त्याआधी विकणाऱ्याला फोन करा आणि भांडण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी करा. तो कळपात कोणाशेजारी उभा राहायचा, गवत कोणत्या वेळी मिळायचे, तोंडात कोणता लगाम असायचा, अंगावर कुठे हात लावलेला त्याला आवडत नाही, हे विचारा. आणि संध्याकाळी चारा घालताना तिथला माणूस त्याला कशी साद घालायचा, शीळ घालायचा की जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचा, ते त्यालाच फोनवर करून दाखवायला सांगा. उद्या संध्याकाळी गवत घेऊन जाल तेव्हा तोच आवाज काढा आणि त्याचे कान कुठे वळतात ते बघा.